फीडबॅक पाचपैकी पाच, पण पोरं शिकली का?

नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, तपासणी आली म्हटलं की कॉलेजात विद्यार्थ्यांच्या फीडबॅकचे गठ्ठे बाहेर येतात. 'सरांचं शिकवणं समजतं का?' याला पाचपैकी पाच मिळाले की सर खूश, प्राचार्यही खूश. बीएस्सीच्या वर्गात कोण चांगलं शिकवतं हे या आकड्यावरून ठरवणं आता थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी फिजिक्सच्या प्राथमिक कोर्सवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पोरांचे दोन गट केले. धडा तोच, हँडआउट तेच. एका गटाने अनुभवी प्राध्यापकाचं सफाईदार लेक्चर ऐकलं. दुसऱ्या गटाने तीच गणितं आधी आपापसात झटापट करून सोडवायची, मग सरांनी उत्तर सांगायचं. पुढच्या धड्याला गटांची अदलाबदल. चाचणीत झटापट करणाऱ्यांना जास्त मार्क मिळाले, पण 'किती शिकलात?' विचारल्यावर त्यांनीच 'कमी' असं सांगितलं! ओघवतं लेक्चर ऐकताना सगळं कळतंय असं वाटतं, आणि स्वतः अडखळलं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. नवख्याला यातला फरक ओळखता येत नाही. आता सांगा, आपला फॉर्म नक्की काय मोजतो?

हार्वर्डचेच फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मॅझूर. विद्यार्थ्यांचा फीडबॅक उत्तम, पोरं अवघड गणितंही सोडवायची. मग त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनिस यांच्या गटाने तयार केलेले साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न वर्गात दिले. ट्रक आणि छोटी कार धडकली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, या धर्तीचे. एका मुलीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला वाटतं तशी? निकाल निराशाजनक लागला. आपल्याकडेही न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारा पोरगा बिनधास्त 'ट्रक' सांगतो; खरं तर दोघांचं बल सारखंच असतं. विचारून बघा.

मॅझूरनी मग पद्धतच बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने स्वतः उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, आणि पुन्हा मत द्यायचं. अशाने पोरं जास्त शिकतात, हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग, गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे सुमारे ३४ टक्के, पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२.

'हार्वर्डचं इथे काय घेऊन बसलात?' हे स्टाफरूममधलं ठरलेलं उत्तर. ते अगदीच चूक नाही. वर्ग भरगच्च, बाक जमिनीला ठोकलेले, पोर्शन संपवायची घाई. तासिका तत्त्वावरचा माणूस सकाळी एका कॉलेजात तर दुपारी दुसऱ्या. त्याच्याकडून कुठल्या तोंडाने प्रयोगांची अपेक्षा करायची? पण शेजारच्याकडे वळून बोलायला पैसे लागत नाहीत. शिवाय या पद्धतीचा खरा फायदा आपल्यालाच आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात असलेली मुलगी एफवायला इंग्रजी लेक्चरमध्ये गप्प बसते, नोट्स उतरवते. तिला शेजारणीशी वाद घाल म्हटलं की मराठीत बोलायला लागते, आणि तेव्हाच कळतं की तिच्या डोक्यात बल आणि वेग यांची गल्लत आहे. इंग्रजीत विचारलं असतं तर ती मान डोलावून मोकळी झाली असती.

डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली: सेमिस्टरच्या सुरुवातीलाच पोरांना हा सगळा प्रकार समजावून सांगितला, आणि त्याचा उपयोग झाला. आपणही सांगावं, या वर्गात डोकं दमेल, लेक्चरइतकं गोड वाटणार नाही.

फॉर्म फाडून टाका असं म्हणत नाही. सोबत संकल्पनांवरचे तेच दहा प्रश्न सेमिस्टरच्या सुरुवातीला आणि शेवटी द्या, फरक काढा, आणि तोही कागद लावा. नॅकच्या फाइलमध्ये जागा नक्की होईल. नाही त्या कार्यक्रमांचे फोटो आपण तिथे चिकटवतोच.