कॉलेज की नोकरी, एक काहीतरी निवड म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार.

संध्याकाळी पतसंस्थेतून घरी आले तर शेजारची पोर जिन्यात बसून रडत होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हजेरी ६२ टक्के भरली म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं, आणि ती लिस्ट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी बघितली. उद्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. वर मॅडम म्हणाल्या, "कॉलेज की नोकरी, एक काहीतरी निवड."

अहो मॅडम, तिच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय. कुठनं आणणार ती त्यांना? आई पहाटे सहाला धुण्याभांड्याच्या कामाला जाते ती साडेनऊला येते, तोवर बाबांचं तोंड धुणं, चहा पाजणं, संडासला नेणं सगळं हिच्याकडे. म्हणून साडेसातची पहिली दोन लेक्चरं बुडतात. उरलेली करते आणि मग बारापासून रात्री नऊपर्यंत कापडाच्या दुकानात उभी, लग्नसराईत तर दहा वाजतात. तिच्या पगारात बाबांची औषधं येतात. काय निवडायचं तिने? पाच मिनिटं बसवून विचारलं असतं तरी सगळं कळलं असतं.

मला माझं २०११ साल आठवलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीय, मी बारावी नापास, लग्नानंतर मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.कॉम.ला बसले. पोरगा पाच वर्षांचा, नवरा ट्रकवर, आठवड्यातनं दोन दिवस घरी. मी कराडच्या मंडईत पिग्मी, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे, गोळा करायचे. दहा-वीस रुपयांची खाती, गाळ्यागाळ्याला थांबायचं, पैसे घ्यायचे, मशीनमधून पावती फाडायची. पुस्तक पिशवीत असायचं पण उघडायला वेळ कुठला.

मे महिन्यात परीक्षा आणि कॉस्टिंग डोक्यात शिरत नव्हतं. एका भाजीवाल्या मावशीने चेहरा बघूनच ओळखलं. रिकामं कॅरेट पालथं घातलं आणि म्हणाली, "हितं बस नि वाच गं बाय, मी आणती गोळा करून." आणि खरंच गेली. स्वतःचा धंदा शेजारणीवर सोपवून! चौदा खाती होती त्या रांगेत. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाचे पैसे पेपरच्या वेगळ्या पुडीत. ही लिंबूवाल्याची, ही नारळवाल्याची, सगळं तोंडपाठ. मी वाचून उठले की पावत्या फाडायचे. परीक्षा होईस्तोवर रोज अर्धा तास. एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही.

त्या अर्ध्या तासावर मी पास झाले. म्हणून कुणी टाइम मॅनेजमेंट सांगायला लागलं की मला चीड येते. पहाटे चारला उठा, मोबाईल बाजूला ठेवा, मनात असलं की वेळ मिळतो. अरे ती पोर चारलाच उठते! शिक्षण, नोकरी, घर हे तिन्ही एकट्या माणसाने सांभाळायचं असतं हे कुणी ठरवलं? त्यातलं काहीतरी दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागतं. माझं मावशीने उचललं. सासूबाईंनीपण शेवटी शेवटी उचललं, आधी महिनाभर तोंड फुगवून होत्या तरी. कॉलेजने काय उचललं? लिस्ट लावली.

आणि हे आपल्या कराडात! कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये याच तालुक्यात, काले गावात, रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले. राबून शिकणाऱ्या पोराला इथे मान होता. दर २२ सप्टेंबरला, अण्णांच्या जयंतीला, सगळीकडे कमवा आणि शिका वर भाषणं होतात, फोटोला हार घालतात, आणि त्याच गावात कमवून शिकणाऱ्या पोरीला "एक काहीतरी निवड" म्हणतात. लाज वाटली मला आज.

हो, कॉलेजच्या नावाखाली कट्ट्यावर बसणारी पोरंही आहेत, आणि ७५ टक्क्यांचा नियम मॅडमनी केलेला नाही, मान्य. मुक्त विद्यापीठाला का जात नाही असंही कुणी म्हणेल. मी गेले, माझं भलं झालं. पण हिला बारावीला ८१ टक्के आहेत, तिला रोज वर्गात बसायचंय, शिक्षकांना प्रश्न विचारायचेत. गरीब आहे म्हणून तिने ती हौस सोडायची का? जादा तास घ्या, पहिली दोन लेक्चरं दुसऱ्या तुकडीबरोबर करू द्या. माणसं बसली तर मार्ग निघतो, मंडईत निघाला की.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या मॅडमना पण घर असेल, पोरं असतील, वरून कुणाचं प्रेशर असेल. भांडायला जायचं नाही असं ठरवलंय. पण जाणार आहे. वडील आणा म्हणालेत ना, मी जाते, उद्या अकराला, अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. तिच्या बाबांचे डॉक्टरचे कागद आणि दुकानाच्या मालकाची चिठ्ठी घेतलीय.

मघाशी भाजी आणायला मंडईत गेले होते. मावशी आता थकल्यात, गाळा मुलगा बघतो, पण संध्याकाळी त्या येऊन बसतात. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी येऊ का संगं?"

या म्हटलं. साडेदहाला स्टँडवर भेटतोय.

आणि हो, कुणाकडे दुसऱ्या वर्षाची अकाउंट्स आणि कॉस्टिंगची पुस्तकं पडून असतील तर मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन.