परदेशातून : नाकाला म्हणे ‘चेहऱ्याचा सज्जा’

कुणी नवा मराठी प्रतिशब्द सुचवला की आपल्याकडे भांडण ठरलेलं. एकजण भाषाशुद्धीचा झेंडा काढतो, दुसरा लगेच नेकटायचा ‘कंठलंगोट’ करून पोट धरून हसतो. हा कंठलंगोट मी तरी थट्टेखेरीज कुठे ऐकलेला नाही.

हॅम्बुर्गमध्ये राहून या भांडणाची जास्तच गंमत वाटते. फिलिप फॉन त्सेझेन नावाचा कवी १६८९ मध्ये याच गावात वारला. परके शब्द हुसकून जर्मन शब्द घडवायचा त्याला भारी नाद. टवाळांनी त्याच्या नावावर नाकासाठी ‘चेहऱ्याचा सज्जा’ असा शब्द खपवला, तो आजही सांगून लोक हसतात. खिडकीला त्याने दिलेला ‘दिवसाचा दिवा’ छापाचा शब्दही कुणी उचलला नाही. पण इथे घर बदललं की नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो, त्यात पत्त्याच्या रकान्यावर ‘आनश्रिफ्ट’ छापलेलं असतं. हा शब्द त्सेझेनच्याच खात्यावर जमा आहे, आणि फॉर्म भरताना कुणालाही हसू येत नाही.

सावरकरांच्या ‘महापौर’ आणि ‘दिनांक’चं तेच झालं. महापौरांच्या दारात घोषणा देणाऱ्याला हा शब्द कुणी मुद्दाम घडवलाय याचा पत्ताही नसतो. तेव्हा पहिल्या दिवशीच्या हशावर शब्दाचा निकाल लावू नये.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपले सरकारी शब्द फार सुतकी चेहऱ्याने येतात. ‘भ्रमणध्वनी’ म्हटलं की रात्री वाड्यात कुणीतरी फिरतंय असं वाटतं. जर्मनांनी मोबाईलला ‘हँडी’ केलं. दिसायला इंग्रजी, पण इंग्रज त्याला तसं म्हणत नाही. फोनमध्ये मुंडी घालून चालणाऱ्याला ‘स्मोम्बी’, म्हणजे स्मार्टफोनवाला झोम्बी. २०१५ मध्ये लांगेनशाइट या कोशवाल्या प्रकाशकाने तो वर्षाचा तरुणाईचा शब्द ठरवला होता.

असला खोडकरपणा आपल्याकडे काय कमी आहे? फटफटी, वडाप, लालपरी... कुठल्या समितीने दिले हे? पण निबंधात ‘फटफटी’ लिहिली की आमच्या बाई लाल रेघ ओढायच्या.

२७ फेब्रुवारीला भाषणं जरा आवरून पोरांकडून वर्षाचा मराठी शब्द निवडून घ्यावा. चावट शब्द येतील, येऊ देत. निवड समितीवर प्राध्यापक एकच घ्यावा, तोही हसता येणारा.