नवीन सिस्टरांनो, काहीही विचारू नका

अभिनंदन. जीएनएम किंवा बीएस्सी झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि मेडिकल वॉर्डात ड्युटीही लागली. आता एकच धोका उरलाय. तुम्ही एखादी शंका विचाराल, आणि इन्चार्ज सिस्टरपासून मावशींपर्यंत सगळ्यांना कळेल की ही नवीन आहे. ते टाळायचं कसं, हे आम्ही जुन्या खोडांनी सांगायचं नाही तर कुणी?

सुरुवात ओव्हर घेण्यापासून, म्हणजे आधीच्या ड्युटीच्या सिस्टरकडून पेशंटांचा ताबा घेण्यापासून. ओव्हर टेबलाशीच बसून घ्यावी, वहीवरून. बेड टू बेड फिरलात तर सातव्या बेडची लाईन आऊट होऊन, म्हणजे सलाईनची सुई शिरेबाहेर सरकून, हात कोपरापर्यंत सुजलेला दिसेल, नवव्याची युरोबॅग संध्याकाळपासून रिकामीच आहे हेही दिसेल. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी, हे मग उगाच आठवत बसतं. रात्री आठला दिसलेली गोष्ट आधीच्या ड्युटीची असते आणि नऊला दिसलेली तुमची. नऊपर्यंत थांबा, अनुभव लवकर येतो.

टीपीआरमध्ये, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या चार्टवर, रेस्पिरेशन 20 लिहा. सगळ्यांचं. न्यूमोनियावाला 20, दम्यावाला 20, उद्या डिस्चार्ज आहे तो 20. मोजायचं म्हटलं तर नाडी धरल्याचं नाटक करून छातीकडे पूर्ण एक मिनिट बघावं लागतं, कारण श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. एवढा वेळ आहे कुणाला? पेशंट बिघडायला लागला की बीपी उतरण्याच्या कितीतरी आधी श्वास 26-28 वर जातो, ही गोष्ट खरी आहे. पण चार्टवर 20 असल्यावर तो बिघडेलच कसा?

सलाईनचा वेग नजरेने ठरवावा. सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. साधा सेट बहुधा 20 थेंबांचा, मायक्रो 60 चा. 500 मिली आठ तासांत द्यायचं तर साध्या सेटवर मिनिटाला 21 थेंब येतात, म्हणजे साधारण तीन सेकंदांना एक. मायक्रोवर तेच 62-63. पाकीट आधीच कचऱ्यात गेलेलं बरं, गणिताचा प्रश्न मिटतो. पेशंट बाथरूमला जाऊन आला की नातेवाईक चाक आपल्या मनाने फिरवतात, ते पुन्हा तपासू नका. हार्टच्या आजोबांना अख्खी बाटली तासाभरात गेली तर पहाटे धाप लागेलच. तेव्हा थेंब मोजायला सगळे जमतात.

इन्सुलिनला मात्र खरी कलाकारी आहे. आपल्याकडे व्हायल दोन ताकदीच्या येतात, मिलीला 40 युनिट आणि मिलीला 100 युनिट. 40 साठी लाल टोपीची सिरिंज, 100 साठी केशरी टोपीची. ट्रेमध्ये दोन्ही एकत्र ठेवा आणि हाताला येईल ती उचला, सिरिंज ती सिरिंज. 100 च्या व्हायलमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली येतं, म्हणजे 50 युनिट. उलट केलंत तर 20 ऐवजी 8 च युनिट जातात, शुगर 400 च्या खाली येत नाही आणि राऊंडला डॉक्टर डोस वाढवून जातात. मग एखाद्या दिवशी एखादी नीट शिकलेली सिस्टर योग्य सिरिंजने तो वाढीव डोस देते आणि शुगर धाडकन खाली येते. दोष अर्थातच तिचा.

जेवणाचा ट्रे आलाय का, हेही बघू नका. केस पेपरवर साडेबारा लिहिलंय ना, रेग्युलर इन्सुलिन साडेबाराला द्या, ट्रे दोनला येऊ दे. मधल्या वेळात पेशंट घामाघूम होऊन असंबद्ध बोलायला लागला तर पंखा लावावा. ग्लुकोमीटर काढलंत आणि 48 आलं, तर शुद्धीत असेल त्याला साखरपाणी, नसेल त्याला 25 टक्के डेक्स्ट्रोज, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, डॉक्टरांना फोन, असं लचांड मागे लागतं.

पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीत आमचीही जीभ जरा अडखळते. 10 मिलीची ॲम्प्यूल, आत 20 मिलीइक्विव्हॅलंट (हे क्षार मोजायचं माप) पोटॅशियम, दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखीच. ती थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. बाटलीतच मिसळायची, बाटली उलटसुलट करून नीट हलवायची, नाहीतर जड औषध तळाशी बसून आधी तेच जातं. हाताच्या लाईनमधून तासाला 10 मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त सोडायचं नाही. हे एक तेवढं विचारा, दुसऱ्या सिस्टरला ॲम्प्यूल दाखवून. बाकी सगळं आमच्या सल्ल्याने चालू द्या.

रात्री फोनवर ऑर्डर मिळाली की "हो सर" म्हणून ठेवून द्यावा. फिफ्टीन होतं की फिफ्टी, हे औषध भरताना ठरवता येतं. लिहून घेऊन "वन फाइव्ह ना, सर?" असं आकडे सुटे करून वाचून दाखवलंत तर डॉक्टरांची झोप मोडते.

आणि सुई. इंजेक्शन झालं की दोन्ही हातांनी टोपण परत लावा. कटर शोधा, सुई पांढऱ्या डब्यात टाका, सिरिंज लाल पिशवीत टाका, ही कामं स्टुडंटची. टोचलीच तर बोट पिळा, स्पिरिट चोळा आणि पुढच्या बेडकडे चला. साबण-पाण्याने धुवायचं, कॅज्युअल्टी गाठायची, रजिस्टरला नोंद करायची, पेशंटचे एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्ट काढायचे, लागल्या तर एचआयव्ही रोखायच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या, यात नाव मात्र उघड होतं. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात, 0, 1 आणि 6 महिन्यांनी. तुमचा तिसरा राहिलाय? राहू द्या, त्या दिवशी तुमचा नाईट ऑफ असेल.