फोटो फसला म्हणून ब्लॅक अँड व्हाईट करू नका

होळीच्या आगेमागे एक मजकूर आपल्याकडच्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खान्देशच्या उन्हाळ्यात रंग उरतच नाहीत, म्हणून फाल्गुन ते ज्येष्ठ निसर्गाचे फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाईट करावेत, भर दुपारी फसलेला फोटोही तसा केला की वाचतो, रंगांमुळे लक्ष भरकटतं, आणि मोठे छायाचित्रकार ब्लॅक अँड व्हाईटच काढत, तेव्हा खरी कला तीच.

मला ब्लॅक अँड व्हाईट मनापासून आवडतं. आमच्या घरात भिंतीवर लावलेले दोन्ही फोटो तसेच आहेत. पण शिकणारी पोरं हा मजकूर प्रमाण मानतात आणि आपल्या मुलखाचे चांगले फोटो हातचे घालवतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

पहिला मुद्दा, रंग नसल्याचा. शिरपूरहून बोराडीकडे फाल्गुनात निघा. पानं झडलेला सातपुड्याचा उतार, पिवळं पडलेलं कुसळी गवत, आणि त्यात मधूनच पेटलेला पळस. पुढे चैत्रात निंबाची तांबूस पालवी हिरवी होत जाते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच निंबाला झोके बांधतात. उन्हाळ्यात इथे रंग कमी असतात हे खरं, पण जेवढे असतात तेवढ्यांवर सगळं चित्र उभं असतं.

आमच्या गावातला एक मुलगा यंदा पळसाचा फोटो घेऊन आला. मजकूर वाचून त्याने मोबाइलमध्येच ब्लॅक अँड व्हाईट केलेला. झाड शोधावं लागत होतं. ‘दादा, झाड तर एकदम लाल होतं,’ तो म्हणाला. झाड लाल होतं म्हणूनच ते हरवलं होतं. रंगीत चित्राचं करडं रूप करताना डोळ्याला जे जितकं उजळ भासतं तितकं वजन दिलं जातं. नेहमीच्या सूत्रात हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७. पळसाच्या फुलात लाल भरपूर, हिरवा थोडा. त्याची करडी छटा वाळलेल्या गवताच्या आणि उन्हातल्या खडकाच्या आसपास येऊन बसते. डोळ्याला एवढा मोठा दिसणारा फरक रंगाचा होता, उजेड-अंधाराचा नव्हता.

यावर उत्तर येईल की ॲपमधला लाल उजळ करणारा स्लायडर वर ढकला, फुलं उजळतील. उजळतील खरी. पण मग फुलं पांढरी दिसतात, आणि आपल्याकडे पांढरा पळस म्हणजे दुर्मिळ गोष्ट. बघणारा भलतंच काही समजेल. ज्या झाडाची ओळखच त्याचा रंग आहे, त्याचा तो रंग काढून घेण्याआधी बदल्यात काय मिळतंय ते तरी बघावं.

दुसरा मुद्दा, दुपारच्या फोटोचा. इथे मजकुरात अर्धं सत्य आहे. ब्लॅक अँड व्हाईट केल्यावर रंगांचे ठिपके आणि उन्हाची विचित्र झाक जाते. पण आकाश जळून पांढरं झालं असेल तर ते पांढरंच राहतं, कारण तिथे माहितीच नोंदली गेलेली नसते. मजकुरात लाल फिल्टरचाही, म्हणजे भिंगापुढे लावायच्या लाल काचेचाही, सल्ला आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ साली तिकडच्या योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो गडद लाल फिल्टर लावून काढला आणि आकाश जवळजवळ काळं आलं, हे खरंच घडलं. पण लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून निळं आकाश काळवंडतं. आपल्याकडे वैशाखात, पारा ४४-४५ला टेकलेला असताना, आकाशात निळा असतो कुठे? धुळीने पांढुरकं झालेलं आकाश लाल फिल्टरला दाद देत नाही. धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावरून मी दोन उन्हाळे हा प्रयोग केला. आकाश तसंच सपाट राहिलं, आणि पुढे संगणकावर स्लायडर ताणल्यावर फोटोतले खरखरीत दाणे मात्र उठून दिसले. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचे, निम्मे बिंदू हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याच्या वाट्याला प्रत्येकी पाव. एकाच रंगाला फार ताणलं की त्याच्या नोंदीतली खोट वर येते. त्या दुपारी उपाय एकच होता, पहाटे पुन्हा चढणं. तेही मी केलं, आणि भिंतीवरच्या दोन फोटोंपैकी एक त्या पहाटेचा आहे.

रंगांनी लक्ष भरकटतं, हा तिसरा मुद्दा. कधी कधी भरकटतं. नांगरट झालेलं काळ्या जमिनीचं शेत संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा. प्रत्येक ढेकळाची एक बाजू उजळ, दुसरी काळीकुट्ट, आणि नांगराचे तास थेट बांधापर्यंत गेलेले. तिथे कोपऱ्यात निळी ताडपत्री पडलेली असेल तर डोळा तिच्याकडेच धावतो. रंग काढला की शेत उरतं. फुटलेल्या कपाशीचंही तसंच, पांढरं बोंड आणि काळी माती यांना रंगाची गरजच नाही. हिवाळ्यातल्या सकाळी तोरणमाळवरून दिसणाऱ्या, एकीमागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगाही अशाच. त्यांच्यातला फरक फक्त छटेचा असतो. असे फोटो मी डोळे झाकून ब्लॅक अँड व्हाईट करतो.

पण आता आमच्या मळ्याचा फोटो घ्या. मे महिना, पुढे केळीची बाग, मागे करपलेली बरड टेकडी. मी तो मोठ्या हौसेने ब्लॅक अँड व्हाईट करून वडिलांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘हाऊ आपला मया नही.’ म्हणजे हा आपला मळा नाही. मला वाईट वाटलं, मग कळलं की त्यांचं बरोबर आहे. केळीचा हिरवा आणि टेकडीचा तपकिरी करड्यात जवळजवळ सारखेच उतरले होते. बाग टेकडीत मिसळून गेली होती. तो हिरवा म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी, ठिबकच्या नळ्या, रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा मोटर चालू करायला उठलेला माणूस. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचं जे काम झालं, तेही त्याच हिरव्यात आहे. टेकडी करपलेली आणि बाग हिरवी, एवढीच त्या फोटोची गोष्ट होती आणि ती पूर्णपणे रंगात होती. तिथे रंगाने लक्ष भरकटत नव्हतं, बघायचं होतं तेच तो दाखवत होता.

म्हणून मी आता शेतातच ठरवतो. डोळे बारीक करून बघतो. तसं बघितल्यावर तपशील विरतात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार राहतात. ते आकार वेगळे उठून दिसले तर ब्लॅक अँड व्हाईटचा विचार करतो. सगळं एकात एक मिसळलं तर रंगाला हात लावत नाही.

राहिला मोठ्या छायाचित्रकारांचा दाखला. आपल्या अगदी शेजारचं उदाहरण देतो. रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. पुढे त्याने लेण्यांचे फोटोही काढले. १८७९ साली तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याचे फोटो एकरंगी आहेत, पण चित्रांच्या नकला त्याने वर्षानुवर्षं बसून तैलरंगात केल्या, कारण रंग दाखवायचे तर त्या काळच्या कॅमेऱ्याकडे सोय नव्हती. तेव्हाच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत, लाल त्यांना जवळपास काळाच दिसे. सर्रास विकत मिळणारी पहिली रंगीत प्लेट १९०७ साली आली. त्याआधीच्या माणसांनी ब्लॅक अँड व्हाईट निवडलं असं म्हणता येत नाही, त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. पर्याय आल्यावर मात्र खुद्द ॲडम्स यांनीही रंगीत फोटो काढले, आणि आपल्या रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर भारत रंगातच टिपला. या दाखल्याला यापेक्षा जास्त उत्तर लागत नाही.

एक गोष्ट मजकुरात नाही, पण ती सांगायलाच हवी. कॅमेऱ्यात मोनोक्रोम, म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट, लावायचं असेल तर फाइल रॉ ठेवा, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद. पडद्यावर करडं दिसतं, आत सगळे रंग शाबूत राहतात आणि घरी येऊन निर्णय फिरवता येतो. नुसती मोनोक्रोम जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेली फाइल, ठेवली तर रंग कायमचे गेले. पळसवाल्या मुलाचं तेच झालं होतं. करडी फाइल ठेवून मूळ फोटो त्याने जागा हवी म्हणून पुसून टाकला होता. आम्ही दोघं मोटारसायकलवर पुन्हा त्या झाडाशी गेलो, तोवर फुलं गळून शेंगा धरल्या होत्या. त्याने जागा नीट बघून ठेवली आहे, सकाळी साडेसातला ऊन कुठून येतं तेही. आता पुढच्या फाल्गुनात.