पळून येणाऱ्या मुलांसाठी आर्थिक वर्षाचे नियोजन

घर सोडायचं ठरलंच असेल, तर पोरा, आधी महिना नीट निवड. बापाचा मार, घरची उपासमार, नापासाचा निकाल, नाहीतर नुसती मुंबई बघायची हौस, तुझं कारण काहीही असो. शासनाला कारणाशी नाही, लेखाशीर्षाशी, म्हणजे पैसा कुठल्या खात्यावर टाकायचा याच्याशी, काम असतं. एप्रिल-मेमध्ये तर अजिबात निघू नकोस. तेव्हा मागच्या वर्षीचा निधी अखर्चित म्हणून परत गेलेला असतो आणि यंदाचा 'वितरणाच्या प्रक्रियेत' असतो. उत्तम मुहूर्त म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा. पैसा येतो तो तेव्हाच. फक्त ३१ तारखेच्या आत खाऊन संपवायचा असतो, म्हणून येताना पोट मोठं घेऊन ये.

दादरला उतर की कल्याणला, फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाचा जवान हात धरेल. या मोहिमेचं नाव 'नन्हे फरिश्ते'. फरिश्ता तूच, घाबरू नकोस. तुला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे उभं करायचं, असा २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा दंडक आहे. त्या २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. भूक धरतात का, याबद्दल कायदा गप्प आहे. चौकशी १५ दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत. तोवर बालगृहात राहायचं.

जवान दिसला नाही तर १०९८ फिरव. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. २०२३ मध्ये सरकारने ती स्वतःकडे घेतली आणि ११२ ला जोडली. म्हणजे ज्या पोलिसाला घाबरून तू बाकाखाली शिरलास, त्याच्याच नंबराची ही शेजारीण. सोय झाली.

आता तुझा भाव सांगतो. मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेत बालगृहातल्या मुलामागे महिना ३,००० रुपये. जेवण, कपडे, साबण, तेल, सगळं त्यातच. दिवसाला शंभर झाले. ३१ दिवसांचा महिना असेल तर शेवटच्या दिवशी जेवणाचा हट्ट धरायचा नाही. यात केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस. सकाळचे पोहे केंद्राचे आणि रात्रीची खिचडी राज्याची, असं ढोबळमानाने धरून चाल. एखाद्या संध्याकाळी ताट रिकामं दिसलं, तर राज्य हिस्सा प्रलंबित आहे एवढं समजून घे आणि झोप.

हप्ता का अडकतो, हे विचारू नकोस. विचारलंसच तर ऐक. आधीचा पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. आधीचाच आलेला नसेल, तर खर्च शून्य दाखवावा लागतो. आणि खर्च शून्य असेल तर वाढीव मागणी कशासाठी, असा शेरा मारून प्रस्ताव परत येतो. सोबत त्रुटीपूर्ततेचं पत्र.

मग तुला जेवू कोण घालतं? कोपऱ्यावरचा वाणी. त्याच्या उधारीच्या वहीत एक अख्खं पान संस्थेच्या नावावर असतं: तांदूळ दोन कट्टे, गोडेतेल एक डबा, तूरडाळ खोडून वर मसूर. अधीक्षक मान खाली घालून म्हणतात, "परिपोषण अनुदान आलं की लगेच देतो, शेठ." शेठ कुठल्या वर्षाचं ते विचारत नाही. आधार लिंक मागत नाही, जिओ-टॅग केलेला फोटो मागत नाही. या राज्याचं बाल धोरण खरं तर त्याच्या गल्ल्यावर चाललंय, पण बालदिनाच्या बॅनरवर त्याचा फोटो नसतो. (ज्यांचा असतो त्यांची उधारी कुठेच नसते.) हो, बालदिनाच्या सुमारास चाचा नेहरू बालमहोत्सव असतो, लंगडी आणि समूहगीताची तयारी ठेव. मंडप वेळेवर पडतो. तिथे चिवडाही मिळतो.

एक जपायचं, अठरा पूर्ण करायचे नाहीत. ती चूक बरीच मुलं करतात. जन्माचा दाखला वा शाळेची नोंद नसेल तर वय ठरवायला हाडांची तपासणी होते. त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, तो आपल्या बाजूने पडावा म्हणून देवाला नारळ बोल. अठरा झालेच, तर ट्रंक, गुणपत्रिका आणि शुभेच्छा घेऊन फाटकाबाहेर. पुढे २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, महिना ४,००० रुपये. तरतूद आहे म्हणजे कागदावर आहे, आणि अनुरक्षणगृहं कुठे आहेत हे शोधण्यात तुझा तरुणपणाचा वेळ छान जाईल. अर्ज मात्र सतराव्या वर्षीच टाक. शिफारस, गृहचौकशी अहवाल, बँक खातं, मंजुरी असं होत होत एकविसावं सरतं. मग अर्जदार वयोमर्यादेमुळे अपात्र ठरतो आणि फाइल निकाली निघते. निकाली निघालेल्या फाइलींचा आकडा वार्षिक अहवालात येतो, आणि तेवढ्यात तुझाही समावेश झालेला असतो.