तारीख पाहाले काय जाते?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितो. लंबं होईल, वाचा नाहीतर सोडा.

सकाळी गावाच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'उद्यापासून कापूस खरेदी बंद, तातडीने पुढे पाठवा.' काकाजींनी वाचला. मी वावरातून येईपर्यंत ओसरी रिकामी. अकरा क्विंटल कापूस दारावर आलेल्या व्यापाऱ्याला, क्विंटलमागे चारशे रुपये पाडून. सारवलेल्या जमिनीवर उरली फक्त किडक्या कापसाची कवडी. मेसेजमधला नोटिशीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, तर कोपऱ्यात तारीख दोन वर्षांपूर्वीची!

धाडणाऱ्या शहाण्याला फोन लावला. म्हणे, "मले आलं, म्या धाडलं." बस. चव्वेचाळीसशे रुपये गेले राजेहो.

मी कित्येक वर्षांपासून आरएसएस फीड वापरतो. हे नाव काढलं की आपल्याकडे माना नागपूरकडे वळतात. ते नाही बापा! वेबसाइटवर नवीन काही आलं की त्याचं शीर्षक, दुवा अन् बहुतेक वेळा तारीख एका साध्या फाइलीत चढते. आपलं अ‍ॅप अधूनमधून जाऊन ती फाइल पाहून येतं. मधात कोणी दलाल नाही. १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत हे निघालं, करणाऱ्यांत मद्रास आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा होते. २०१३ च्या १ जुलैला फीड वाचायचं गूगल रीडर बंद झालं तेव्हा लोक म्हणाले, मेलं हे. मेलं कुठं? तुमचे बहुतेक पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात.

माझ्या यादीत रानभाज्यांवर लिहिणारा एक जण आहे. चार-चार महिने गप्प असतो, पण लिहिलं की मला दिसतंच. इथं सोशल मीडियावर तर माझ्या सख्ख्या मित्राची पोस्ट आठवड्यानं दिसते, तीही कोणाच्या तरी मर्जीनं.

फीडातही खोटी बातमी येऊ शकते, मान्य. कित्येक साइटींवर फीडचा पत्ताच सापडत नाही, तेही मान्य. पण कोणाची बातमी घ्यायची ते मी ठरवतो ना! अन् ओसरी रिकामी करायच्या आधी तारीख तरी दिसते.

काकाजींवर दुपारी लय ओरडलो. ओरडायला नको होतं. त्यांनी तरी काय करावं, पुतण्या सगळं जाणतो अन् स्वतःच्याच मोबाईलात ठेवतो. संध्याकाळी तेच बाजेवर येऊन बसले. "माह्या मोबाईलात टाकता येते का ते?" टाकून दिलं. जिल्ह्याच्या बातम्या अन् शेतीचा एक ब्लॉग, दोनच. हातभर लांब धरून त्यांनी एकेक तारीख मोठ्यानं वाचली. पाच बातम्या झाल्या अन् बोट थांबलं.

"सरलं काय?"

"सरलं."

"मंग बरं हाय," म्हणाले, मोबाईल बंडीच्या खिशात टाकला अन् बैलाले पाणी दाखवाले उठले.