आजोबांची थ्री-नॉट-थ्री आणि व्हॉट्सॲपवरचे पंधरा लाख

आठवडाभरात आमच्या पेठेतल्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरून आला. सोबत जुन्या रायफलीचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: घरात आजोबांच्या वेळची थ्री-नॉट-थ्री असेल तर टाकू नका. पहिल्या महायुद्धातल्या या रायफलीला परदेशात पंधरा लाख मिळतात. शंभर वर्षं झाली की लायसन लागत नाही. मुकुटाचा शिक्का असला की अस्सल विलायती. लाकूड घासून, लोखंड चकचकीत करून फोटो पाठवा.

स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये पदक घेतल्यापासून कोल्हापुरात रायफलीवर कोणीही बोलतं. बोलू दे. पण हा मेसेज खरा मानून कुणी माळ्यावरची वस्तू खाली काढली, तर गिऱ्हाईक यायच्या आधी पोलीस येतील.

आधी तो फोटोच बघा. थ्री-नॉट-थ्री म्हणजे .३०३ काडतुसाची ली-एन्फिल्ड रायफल. जुन्या ली-एन्फिल्डच्या मॅगझिनचा तळ तिरका असतो, दहा गोळ्यांचं ते. फोटोतलं मॅगझिन चौकोनी डब्यासारखं आहे. म्हणजे ही २ए१ मॉडेलची रायफल, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात १९६०च्या दशकात ७.६२ मिमी काडतुसासाठी बनवलेली. पहिलं महायुद्ध संपलं १९१८ला.

आता लायसन. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५मध्ये जुन्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. वय कितीही असो, बार उडू शकत असेल तर सूट नाही. शिवाय .३०३ हे लष्करी काडतूस, त्यामुळे ती रायफल निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणाऱ्या नळीच्या मापात मोडते. साध्या लायसनवर लोकांकडे दिसते ती .३१५. शंभर वर्षांचा आकडा बहुधा पुरावशेषांच्या १९७२च्या कायद्यातून उचललाय. गंमत अशी, की शंभरी भरलेली ऐतिहासिक वस्तू खासगी माणसानं देशाबाहेर पाठवायला तोच कायदा मनाई करतो. मग परदेशातलं गिऱ्हाईक काय कामाचं?

आजोबा लायसनदार होते आणि वारले, तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायचं आणि मग वारसानं अर्ज करायचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्कानं धरूनही एका माणसाकडे दोनच हत्यारं राहू शकतात.

मुकुटाचं म्हणाल, तर तो इंग्लंडमधल्या एन्फिल्डच्या रायफलीवर असतो, तसा स्वातंत्र्यापूर्वीच्या इशापूरच्या रायफलीवरही असतो. दस्त्याच्या मानेजवळ उजव्या बाजूला धातूच्या पट्ट्यावर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल. वाचायचं ते कारखान्याचं नाव आणि साल. तेही पुरेसं नाही, कारण नळी मागाहून बदललेली असू शकते. मॅगझिनच्या पुढं लाकडातून आरपार गेलेला स्क्रू दिसला, तर ती इशापूरच्या हाताखालून गेलीय असं समजा.

संग्राहक खरा पैसा मोजतो तो नंबरांना. बॉडीवरचा नंबर बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीवर, नळीवर, पुढच्या टोपीवर तोच हवा. आमचे थोरले आबा सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते. बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवून घेतलेला असतो, हे सांगताना ते म्हणायचे, "दुसऱ्याची कवळी घालून ऊस खाशील काय रं?" बेमेळ बोल्टनं किंमत पडते, ते सोडा, काडतुसामागं फट राहिली तर बार तोंडाशी येतो.

आणि पॉलिश! मेसेजमधला हा सगळ्यात वाईट सल्ला. पॉलिश पेपर फिरवला की लाकडावरचे तपासणीचे शिक्के गेले, लोखंडावरचा मूळ काळा रंग गेला, आणि तो परत आणता येत नाही. तेलाचं फडकं पुरे. शिकारीसाठी पुढचं लाकूड कापून हलकी केलेली रायफल तर संग्राहक बाजूलाच ठेवतो.

पंधरा लाखांचं काय? ली-एन्फिल्ड जातीच्या रायफली जगात सुमारे एक कोटी सत्तर लाख बनल्या. अमेरिकेत साधी रायफल काहीशे डॉलरला जाते. मोठी किंमत येते ती नंबर ४ मॉडेलच्या स्नायपरला, म्हणजे लांबचा नेम धरायच्या रायफलीला, तीही तिची स्वतःची दुर्बीण सोबत असेल तर. त्या दुर्बिणीचा नंबर दस्त्यावर ठोकलेला असतो, तो जुळवून बघतात.

आजोबा खरंच पहिल्या महायुद्धात गेले असतील, तर रायफल त्यांनी सरकारला परत केली असणार. शोधायची तर ट्रंकेतली कागदं शोधा, डिस्चार्जचा कागद, आणि त्या युद्धाचं चांदीचं पदक. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या भावकीतल्या एकानं तसलं पदक गुजरीत, सराफाकडं नेऊन वितळवलं आणि नातीला पैंजण केले.